विद्यार्थ्यांचा पाळक

आनंदीबाई जोशींची गोष्ट ज्यांनी वाचली किंवा पडद्यावर पाहिली, त्यांना दातांच्या दवाखान्यातला तो प्रसंग आठवत असेल. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर दात दाखवायला गेल्या होत्या. नंबर येईपर्यंत चाळायला म्हणून त्यांनी समोरचं मासिक उचललं. त्यात पोस्टखात्यात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशी नावाच्या माणसाचं, कोल्हापूरहून लिहिलेलं पत्र छापलं होतं. बायकोला शिकवायचं आहे, अमेरिकेत काही सोय होईल का, अशी विचारणा होती. कार्पेंटरबाईंनी आनंदीबाईंना पत्र धाडलं आणि पुढचा इतिहास मराठी माणसाला पाठ आहे.

त्या मासिकाकडे मात्र सहसा कुणाचं लक्ष जात नाही. त्याचं नाव ‘मिशनरी रिव्ह्यू’. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन गावातून 1878 पासून ते निघत होतं. त्याचे संपादक होते रेव्हरंड रॉयल गूल्ड वायल्डर. आयुष्यातली जवळजवळ तीस वर्षं त्यांनी महाराष्ट्रात, त्यातली बहुतेक कोल्हापुरात काढली होती. गोपाळरावांचं पत्र त्यांनी छापलं ते स्वतःच्या शेऱ्यासकट. शेऱ्याचा सूर असा, की आधी ख्रिस्ती धर्म स्वीकारा, मग बाकीचं बघू. गोपाळराव त्याला बधले नाहीत, हेही सर्वश्रुत आहे.

या संपादकांच्या घरात तेव्हा एक तरुण मुलगा वाढत होता. नाव रॉबर्ट. जन्म 2 ऑगस्ट 1863, गाव कोल्हापूर. पुढे अमेरिका, ब्रिटन, नॉर्वे आणि हिंदुस्थानातल्या कॉलेजांमध्ये त्याने पन्नास वर्षं विद्यार्थ्यांसाठी काम केलं. त्याच्या धडपडीतून उभी राहिलेली चळवळ ख्रिस्ती इतिहासातल्या सर्वांत मोठ्या विद्यार्थी चळवळींपैकी एक मानली जाते. कोल्हापूरकरांना या माणसाची फारशी ओळख नाही. खरं तर त्याची सुरुवात त्यांच्याच गावात झाली.

वडिलांची शाळा

रॉयल वायल्डर मूळचे व्हरमाँट राज्यातले. 1846 मध्ये ते पत्नी एलायझा यांच्यासह हिंदुस्थानात आले, आधी अहमदनगरला आणि 1852 च्या अखेरीस कोल्हापूरला. ‘अमेरिकन बोर्ड’ या ज्या मिशनरी संस्थेने त्यांना पाठवलं, त्याचं मूळही विद्यार्थ्यांतच होतं. 1806 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी वादळात गवताच्या गंजीच्या आडोशाला बसले आणि परदेशी धर्मप्रसाराला जायचं त्यांनी तिथे ठरवलं. अँडोव्हरच्या धर्मशिक्षण विद्यालयात पुढे त्यांच्या गटाला गॉर्डन हॉल येऊन मिळाले आणि हेच हॉल 1813 मध्ये मुंबईत उतरले. अमेरिकन मराठी मिशनचा उगम तो. रॉयल वायल्डरही अँडोव्हरला असताना त्याच गटाचे सभासद होते. म्हणजे विद्यार्थ्यांनी एकमेकांना शपथेत बांधून घेण्याची रीत या घरात वारशानेच आली होती.

कोल्हापुरात वायल्डर यांचा भर शाळांवर होता. मुलांच्या शाळा काढल्या, मुलींसाठीही वर्ग सुरू केले, आणि मराठी बायबलच्या भाषांतर-सुधारणेच्या कामातही ते होते. पण शाळांवरूनच त्यांचं बोस्टनच्या मुख्यालयाशी बिनसलं. बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन यांचं म्हणणं असं, की मिशनरीने देशी भाषेत उपदेश करावा आणि मंडळी उभी करावी, शाळांचा पसारा वाढवू नये. वायल्डर ऐकेनात. बोर्डाने कोल्हापूरचं ठाणं बंद केलं, तरी हा माणूस 1861 पासून जवळजवळ दहा वर्षं कुणाच्याही आधाराशिवाय, देणग्या गोळा करत तिथेच तग धरून राहिला. अखेर 1870 मध्ये अमेरिकन प्रेसबिटेरियन मंडळाने त्यांना आणि त्यांच्या कामाला आपल्यात सामावून घेतलं. कोल्हापूर, सांगली, मिरज, रत्नागिरी या पट्ट्यात प्रेसबिटेरियन मिशनचं जे जाळं नंतर दिसलं, त्याची सुरुवात ही अशी झाली. मिरजेला रुग्णालय उभारणारे डॉ. विल्यम वॉनलेस याच मंडळाकडून 1889 मध्ये आले.

प्रेसबिटेरियन हा शब्द ग्रीक भाषेतला, अर्थ वडीलधारा. सोळाव्या शतकात जॉन नॉक्स यांच्या काळापासून स्कॉटलंडमध्ये रुजलेला हा पंथ बिशपची सत्ता मानत नाही. मंडळीने निवडलेले वडील आणि पाळक एकत्र बसून कारभार पाहतात. आपल्याकडे सरसकट ‘पाद्री’ म्हटलं जातं, पण मराठी ख्रिस्ती माणूस आपल्या धर्मगुरूला ‘पाळक’ म्हणतो. मेंढरं राखणारा तो पाळक. साधारणपणे पाळकाला एक गाव असतं, एक मंडळी असते, तिथली लग्नं, बारशी, मरणं असतात. रॉबर्टचं पुढचं आयुष्य या चौकटीत कधीच बसलं नाही. त्याची मंडळी दर तीन-चार वर्षांनी पदवी घेऊन निघून जाणारी होती.

शेजारच्या खोलीतली बहीण

रॉबर्ट साधारण बारा वर्षांचा होईपर्यंत कोल्हापुरात वाढला. वडिलांची प्रकृती ढासळल्यावर कुटुंब अमेरिकेला परतलं आणि प्रिन्स्टनला राहिलं. रॉबर्टचीही तब्येत तोळामासा होती. कॉलेजचं शिक्षण रखडत झालं.

1883 च्या उन्हाळ्यात आनंदीबाई न्यूयॉर्कच्या बंदरात उतरल्या. त्याच वर्षी शरदात रॉबर्ट कनेक्टिकटमधल्या हार्टफर्ड शहरी धर्मशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांच्या परिषदेला गेला. तिथली भाषणं ऐकून तो पेटला, आणि परत आल्यावर मोजक्या मित्रांना घेऊन त्याने एक छोटी संस्था काढली. सभासद होणाऱ्याने एका वाक्याच्या प्रतिज्ञेवर सही करायची. देवाची इच्छा असेल तर परदेशी मिशनरी होण्याची आपली तयारी आणि ओढ आहे, असा तिचा आशय होता. रविवारी दुपारी वायल्डरांच्या दिवाणखान्यात ही मुलं जमत. प्रश्न विचारायला म्हातारे वडील घरातच असत.

बहीण ग्रेस त्या वेळी शेजारच्या खोलीत असे. ती रॉबर्टहून दोन वर्षांनी मोठी, माउंट होलिओकची पदवीधर. स्वतःच्या कॉलेजात मुलींचा असाच गट तिने आधीच उभा केला होता. मुलांच्या सभेत मुलीने बसण्याची रीत नव्हती, म्हणून भिंतीपलीकडे सभा चालू असताना ती अलीकडे प्रार्थना करत बसे. रात्री दोघं भावंडं मिळून एकच मागणं मागत, अमेरिकेच्या कॉलेजांतून एक हजार तरुण मिळोत. पाच-सात मुलांच्या सभेपुढे हा आकडा भलताच होता.

शंभरावी सही

1886 च्या उन्हाळ्यात प्रसिद्ध प्रवचनकार ड्वाइट मूडी यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट हर्मन शाळेत विद्यार्थ्यांचं महिनाभराचं शिबिर भरवलं. कल्पना वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेचे कॉलेज-सचिव ल्यूथर विशर्ड यांची. तेही प्रिन्स्टनचेच. सुमारे अडीचशे मुलं आली. मूडींच्या मनात बायबलचा अभ्यास होता, परदेशी मिशनचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर जवळजवळ नव्हताच. नुकताच पदवीधर झालेला रॉबर्ट तिथे गेला तेव्हा ग्रेसने त्याला निघताना सांगितलं होतं, शंभर जण मिळतील.

त्याने मोठं भाषण ठोकलं नाही. आधीपासून ज्यांच्या मनात विचार होता अशा वीसेक मुलांना त्याने शोधून काढलं आणि त्यांची रोज प्रार्थना सुरू केली. मग तो एकेकाला गाठू लागला, पोहायला जाताना, जेवणानंतर, झाडाखाली. शिबिर अर्धं सरल्यावर आर्थर पिअर्सन यांचं मिशनवर व्याख्यान झालं. त्यानंतर एका संध्याकाळी दहा वेगवेगळ्या देशांशी नातं असलेल्या दहा तरुणांनी प्रत्येकी तीनच मिनिटं बोलायचं ठरलं. प्रत्येकाने आपल्या देशाची गरज सांगितली आणि ‘देव प्रीती आहे’ एवढे शब्द त्या देशाच्या भाषेत उच्चारून तो खाली बसला. मुलं गप्पच बसून राहिली. शेवटच्या दिवशी यादीत नव्याण्णव नावं होती. निरोपाची प्रार्थना चालू असताना आणखी एक मुलगा आत आला आणि गुडघे टेकून बसला. तो शंभरावा.

त्या शंभरांत कॉर्नेलचा जॉन मॉट हा एकवीस वर्षांचा विद्यार्थी होता. साठ वर्षांनी, 1946 मध्ये, त्याला शांततेचं नोबेल पारितोषिक मिळालं.

नकाशा आणि लोलक

शंभर जणांवर थांबायचं नाही असं ठरलं. कॉलेजं पालथी घालायला दोघं निघाले, रॉबर्ट आणि जॉन फोरमन. फोरमन हा लाहोरचे मिशनरी चार्ल्स फोरमन यांचा मुलगा. लाहोरचं फोरमन कॉलेज त्यांच्याच नावाचं. म्हणजे अमेरिकेतल्या तरुणांना साद घालणारे दोघंही जन्माने हिंदुस्थानचे होते.

निघण्याच्या वेळी रॉबर्टचे वडील अंथरुणाला खिळले होते. परतेपर्यंत ते राहतील की नाही याची शाश्वती नव्हती. मुलगा घुटमळला. वडिलांनी बायबलमधल्या एका वचनाचा आधार घेऊन त्याला सांगितलं, मेलेल्यांना मेलेल्यांची काळजी घेऊ दे, तू जा. रॉयल वायल्डर 1887 च्या ऑक्टोबरात वारले.

1886-87 च्या शैक्षणिक वर्षात दोघांनी दीडशेहून अधिक कॉलेजं आणि विद्यालयं पाहिली. सह्या झाल्या दोन हजारांवर. त्यांत पाचशेहून जास्त मुली होत्या. प्रिन्स्टनमध्ये त्यांचं ऐकून रॉबर्ट स्पीअर या विद्यार्थ्याने वकिलीचा बेत सोडला. पुढे 1891 पासून 1937 पर्यंत तो प्रेसबिटेरियन परदेशी मिशन मंडळाचा सचिव होता. मिशिगनमधल्या होप कॉलेजात सॅम्युएल झ्वेमर बसला होता. अरबस्तानात आयुष्य घालवलेला आणि इस्लामवर ढीगभर पुस्तकं लिहिलेला तोच हा झ्वेमर.

होप कॉलेजातली हकीकत झ्वेमरच्या चरित्रात येते. वायल्डर यांनी समोर हिंदुस्थानचा नकाशा टांगला होता आणि त्याच्यापुढे संगीतशिक्षक ताल धरायला वापरतात ते लोलकाचं यंत्र ठेवलं होतं. टिक, टिक, टिक. प्रत्येक ठोक्याला त्या देशात एक जीव ख्रिस्ताचं नाव न ऐकता मरतो आहे, असं ते सांगत.

आज मराठी वाचकाला हे वाचताना अंगावर काटा येईल, पण झ्वेमरला आला तो नव्हे. त्या नकाशावरच्या माणसांना स्वतःचा देव होता, ओव्या होत्या, पंढरीची वाट होती. हे त्या ठोक्यांत कुठेच ऐकू येत नव्हतं. ज्या मुलाचं लहानपण कोल्हापूरच्या रस्त्यांवर गेलं त्याने आपल्या जन्मगावाचं वर्णन मरणाच्या हिशेबात करावं, हे खटकतं. त्या काळच्या मिशनरी विचाराची ही मर्यादा होती आणि वायल्डर तिच्या आतच उभे होते. पण त्या खोलीतल्या मुलांसाठी हिंदुस्थान हा भूगोलाच्या पुस्तकातला शब्द होता. तो शब्द ते दारात आणून ठेवत होते.

1888 मध्ये या साऱ्याला ‘स्टुडंट व्हॉलंटिअर मूव्हमेंट’ असं रीतसर रूप आलं. अध्यक्ष मॉट झाले. घोषवाक्याचा अर्थ होता, याच पिढीत साऱ्या जगाला सुवार्ता. जर्मन मिशन-अभ्यासक गुस्टाव्ह वार्नेक यांनी या घाईवर तेव्हाच टीका केली होती. तरी पुढच्या अर्धशतकात या चळवळीतून वीस हजारांवर तरुण-तरुणी परदेशी गेले.

संघटना हातात घेण्याचा वायल्डर यांचा पिंड नव्हता. तो मॉटचा. वायल्डर न्यूयॉर्कच्या युनियन सेमिनरीत शिक्षण पुरं करून 1891 मध्ये हिंदुस्थानच्या वाटेला लागले. वाट मात्र वाकडी झाली. ब्रिटनमध्ये केझिकच्या धार्मिक मेळाव्यात त्यांना बोलायला मिळालं, मग केंब्रिज, एडिंबरा आणि इतर विद्यापीठांतून बोलावणी आली. एप्रिल 1892 मध्ये ब्रिटनच्या विद्यार्थ्यांनी अमेरिकेच्या धर्तीवर स्वतःची संघटना काढली. पुढे नॉर्वे. तिथे विद्यार्थी भेटले आणि हेलेन ओल्सन ही भावी पत्नीही भेटली. दोघांचं लग्न त्याच वर्षी झालं.

पुण्याचा चहा

1892 च्या अखेरीस वायल्डर पती-पत्नी हिंदुस्थानात पोचले. प्रेसबिटेरियन मंडळाने त्यांना पाठवलं होतं, पण वडिलांच्या कोल्हापूरच्या ठाण्यावर बसवलं नाही. इंग्रजी शिकणाऱ्या तरुणांसाठी त्यांना मोकळं ठेवलं. आधी कलकत्ता, मग पुणे. कलकत्त्याच्या अनुभवावर त्यांनी 1895 मध्ये सुशिक्षित बंगाल्यांमधल्या ख्रिस्ती कार्याविषयी पुस्तकही लिहिलं.

अमेरिकेत जो तरुण त्यांच्यापुढे बसे तो आधीच ख्रिस्ती असे. प्रश्न इतकाच, की तू जाणार का? कलकत्त्याचा किंवा पुण्याचा विद्यार्थी वेगळ्याच वाटेने आलेला होता. त्याने मिल आणि स्पेन्सर वाचले होते, चमत्कारांवरचे युरोपियनांचेच आक्षेप त्याला तोंडपाठ होते. 1893 च्या सप्टेंबरात शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत विवेकानंद बोलले, त्यानंतर तर मिशनऱ्याशी वाद घालायला त्याच्या हातात नवं बळ आलं.

पुणं आणखी अवघड. 1890 च्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे आणि इतर प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा आणि बिस्किटं आली. ही बातमी फोडणारे दुसरे कुणी नव्हते, ते गोपाळराव जोशीच. मिशनऱ्याच्या हातचा एक पेला चहा, पण त्यावरून ग्रामण्य झालं, प्रायश्चित्तं झाली, कज्जा शंकराचार्यांपर्यंत गेला. 1893 मध्ये पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात म्हणून गहजब झाला आणि अनेक पालकांनी मुलींना काढून घेतलं. 1885 मध्ये सुरू झालेलं फर्ग्युसन कॉलेज तर या विचारावरच उभं होतं, की आपल्या मुलांचं शिक्षण आपल्या हातात असावं. अशा गावात परका पाळक कॉलेजच्या मुलाला म्हणतो, ये घरी, बसू, बोलू. मुलगा आला तरी मागे कुजबुज होणारच.

ही भीती हवेतली नव्हती. 1839 मध्ये मुंबईत स्कॉटिश प्रेसबिटेरियन मिशनरी जॉन विल्सन यांच्या शाळेतल्या पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा प्रकरण न्यायालयात गेलं आणि पालकांनी पुष्कळ मुलं शाळेतून काढून घेतली. वायल्डर हिंदुस्थानात असतानाच, फेब्रुवारी 1895 मध्ये, नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्या एका निर्णयाने घराचं काय झालं, बायकोवर काय गुदरलं, हे लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त लिहून ठेवलं आहे. अमेरिकेत प्रतिज्ञापत्रावर सही करणाऱ्याला आई-वडील फार तर रडून निरोप देत. इथे सही म्हणजे घर, जात, लग्न, वारसा या सगळ्यावर पाणी. लोलकाच्या ठोक्यांत ही किंमत मोजलेली नव्हती.

महाविद्यालयीन तरुणांच्या धर्मांतराची लाट महाराष्ट्रात आली नाही. अमेरिकेत एका वर्षात दोन हजार नावं जमवणाऱ्या माणसाला इथे एकेका मुलाबरोबर बसणं एवढंच हाती होतं. इंग्रजीत व्याख्यानं, बायबलचे वर्ग, आणि संध्याकाळी येणाऱ्या मुलाशी लांबलचक बोलणी.

मधली दोन वर्षं, 1897 ते 1899, ते अमेरिकेत चळवळीसाठी हिंडले आणि परत आल्यावर वायएमसीएच्या वतीने हिंदुस्थानभरच्या कॉलेजांचं काम त्यांच्याकडे आलं. 1902 मध्ये शरीराने हात टेकले. त्यांना कायमचं निघावं लागलं. सबंध जगाला ‘परदेशी जा’ म्हणून सांगणाऱ्या, या मातीत जन्मलेल्या माणसाला इथे कामासाठी धड दहा वर्षंही सलग मिळाली नाहीत.

कॉलेजच्या खोलीत

बरं होण्यात तीन वर्षं गेली. 1905 पासून 1916 पर्यंत वायल्डर ब्रिटन आणि युरोपातल्या विद्यार्थ्यांत वावरले. वय चाळिशीपलीकडे गेलेलं, घरी चार मुली, मुक्काम कधी इंग्लंडात तर कधी नॉर्वेत.

या काळातली त्यांची ख्याती वक्त्याची नव्हती. सभा संपल्यावर खरं काम सुरू होई. दुसऱ्या दिवशी कॉलेजात एक खोली मिळवायची आणि ज्याला बोलायचं असेल त्याने येऊन बसायचं. शंका, अपराधाची बोचणी, दारू, घरची भांडणं, पुढे काय करावं हा पेच, जे असेल ते. आजच्या कॉलेजात समुपदेशक जे ऐकतो त्यातलं बरंचसं तेव्हा अशा पाळकांच्या कानी येई. माउंट हर्मनला झाडाखाली एकेका मुलाला गाठणारा रॉबर्ट आणि पुण्यात एकेका मुलाची वाट पाहणारे वायल्डर यांचं हे पुढचं पाऊल होतं. फरक इतकाच, की आता हातात सहीचा कागद क्वचितच असे.

1916 मध्ये ते अमेरिकेला परतले आणि 1919 मध्ये, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, स्वतःच सुरू केलेल्या चळवळीचे सरचिटणीस झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस आयोवातल्या डे मॉइन शहरी चळवळीचं भव्य अधिवेशन भरलं. सुमारे सात हजार प्रतिनिधी जमले. पण ही मुलं महायुद्ध पाहून आलेली होती. व्यासपीठावरून नेहमीची भाषणं सुरू होताच त्यांच्यात चुळबुळ झाली. आम्हाला युद्धाबद्दल सांगा, काळ्या-गोऱ्यांच्या भेदाबद्दल, कामगारांबद्दल सांगा, असा त्यांचा आग्रह होता. ज्या ख्रिस्ती राष्ट्रांनी एकमेकांची कत्तल केली त्यांनी आशियाला कोणती सुवार्ता सांगायची? 1890 च्या दशकात पुण्या-कलकत्त्याचा विद्यार्थी जे टोचून विचारत असे, ते आता अमेरिकन विद्यार्थीच विचारू लागला होता.

वायल्डर आठ वर्षं त्या पदावर राहिले. त्या काळात नाव नोंदवणाऱ्यांची संख्या झपाट्याने उतरत गेली. 1927 मध्ये त्यांनी पद सोडलं, पण घरी बसले नाहीत. कैरोला जाऊन पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेतल्या ख्रिस्ती संस्थांच्या परिषदेचं काम 1933 पर्यंत केलं. मग नॉर्वे. 1936 मध्ये आठवणींचं पुस्तक आलं आणि 1938 च्या मार्चमध्ये ऑस्लोला त्यांचं निधन झालं. मुलगी रूथ यांनी लिहिलेलं चरित्र 1941 मध्ये निघालं. त्याला त्यांनी चळवळीच्या घोषवाक्यातलेच शब्द नाव म्हणून दिले.

कोल्हापूरला परत

वायल्डर हिंदुस्थानातून गेले त्याच वर्षी, 1902 मध्ये, वायएमसीएच्या विद्यार्थी-कामाचे राष्ट्रीय सचिव म्हणून जे. एन. फार्कर आले. स्कॉटलंडच्या या अभ्यासकाने दिशा बदलली. सुशिक्षित हिंदू तरुणाशी बोलायचं तर आधी त्याचा धर्म त्याच्याइतका वाचला पाहिजे, असं त्यांचं मत. त्यांच्या पुढाकाराने निघालेल्या ‘हेरिटेज ऑफ इंडिया’ या मालेत 1919 मध्ये मराठी संतांच्या अभंगांचं इंग्रजी भाषांतर छापलं गेलं. भाषांतरकार निकोल मॅक्निकोल हे पुण्यात अनेक वर्षं काढलेले स्कॉटिश प्रेसबिटेरियन पाळक. तीसहून अधिक वर्षांपूर्वी लोलकामागे टांगलेल्या त्या नकाशावर जे ऐकू येत नव्हतं, त्यातलं थोडं या पुस्तकातून इंग्रजी वाचणाऱ्या ख्रिस्ती विद्यार्थ्याच्या कानी पडलं असेल.

आणि ग्रेस? भावाची गाडी कॉलेजामागून कॉलेज धावत होती त्याच सुमारास, 1887 मध्ये, ती आईला घेऊन कोल्हापूरला परतली. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत आनंदीबाई पुण्यात वारल्या होत्या. त्यांना कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाची जागा देऊ केलेली होती, पण कामावर रुजू होणं काही झालं नाही. गोपाळरावांचं पत्र ज्या घरी गेलं होतं त्या घरची मुलगी मात्र येऊन पोचली आणि तिने पुढचं आयुष्य इथल्याच कामात घालवलं. 1911 मध्ये ती वारली. भावाने हजारोंना जहाजावर चढवलं. दिवाणखान्याच्या भिंतीपलीकडे बसणाऱ्या बहिणीने स्वतः जाऊन राहून दाखवलं.

कोल्हापुरात आजही वायल्डर मेमोरियल चर्च उभं आहे. रविवारी तिथे मराठीत उपासना होते, नाताळात गर्दी होते. चर्चला दिलेलं नाव वडिलांचं, रॉयल वायल्डर यांचं आहे.